अडचणी : निरंक

आज पीएचडीचा सहामाही प्रोग्रेस रिपोर्ट दिला. तिसऱ्या पानावर अगदी खाली ‘संशोधनात आलेल्या अडचणी’ असा रकाना असतो, त्याला दोन ओळींची जागा. मी ‘निरंक’ लिहिलं. काउंटरवरच्या ताईंनी सही तेवढी पाहिली आणि फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला, तर वरचे कागद घसरून खाली पडले. गोळा करायला वाकले तर नेमकी तिसरीच पानं वर आलेली. निरंक. त्याखाली निरंक. एकानं नुसती आडवी रेघ ओढलेली. एक अक्षर ओळखीचं निघालं. मागच्या महिन्यात कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून जी रडत होती, पाण्याचा घोटही घशाखाली उतरत नव्हता, तिचं. तिचंही निरंक.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, “अगं, फॉर्मवर कोण खरं लिहितं?” तेही खरंच. पण खरं लिहायचं ठरवलं असतं, तर काय लिहिलं असतं? ‘एका फाईलपाशी अडकले आहे’? आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, बैठकीत तिघं ते वाचणार, एक जण विचारणार की मग टाइमलाइनचं काय. त्यांचंही चुकत नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशी बाराजण बसलेले असतात.

फाईल म्हणजे पीएचडीसाठी घेतलेल्या एका आजींच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग. १२ जुलै १९६१ ला त्या अकरा वर्षांच्या होत्या, घर पुण्यात नारायण पेठेत. पहिला अर्धा तास त्या भराभर बोलतात. पानशेत धरण फुटल्याची बातमी कशी आली, कोण खरं मानत होतं, कोण नव्हतं. पाणी ओसरल्यावर वडिलांनी दुकानाच्या चोपड्या दोरीवर वाळत घातल्या, पण शाई धुऊन गेलेली, कोणाकडून किती येणं आहे ते कळायला मार्ग नाही. खडकवासलाही गेलेलं, त्यामुळे घरात गुडघाभर चिखल आणि नळाला थेंब नाही. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज खणखणीत आहे. मग धाकट्या भावाचा हात, लकडी पूल, आणि आजी थांबतात. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर ऐकू येते. आतून कुकरची शिट्टी. मग आजी काहीतरी पुटपुटतात, आणि लगेच मोठ्यानं, “राहू दे ते. चहा घेशील ना?”

त्या पुटपुटण्यातला एक शब्द मला लागत नाहीये. म्हणून मागे, परत, मागे, परत. लोकांना वाटतं मुलाखत घेणं अवघड असतं. मुलाखतीत निदान समोर माणूस असतं, त्याच्या हातावर हात ठेवता येतो. ट्रान्स्क्रिप्ट करताना तासभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात, आणि जुन्या पेठेतल्या बाईचं बोलणं सॉफ्टवेअरला दिलं तर भलतंच काहीतरी हाती येतं, त्यामुळे कानानंच लिहायचं. आजींनी ते वाक्य एकदाच उच्चारलं. मी किती वेळा ऐकलं!

आणि हे कुणाला सांगायचं? संमतिपत्रावर मीच लिहून दिलंय की तुमची ओळख आणि तुमचं बोलणं गुप्त राहील. आई रोज विचारते, “आज काय केलंस गं?” मी म्हणते, “एक मुलाखत लिहिली.” ती म्हणते, “बरं.” तिला वाटतं मी तुटक झालेय. सर्व्हे करणाऱ्या मैत्रिणीला कॅन्टीनमध्ये चार लोकांसमोर टक्केवारी सांगता येते, त्यावर वाद घालता येतो. माझ्याकडे जे आहे ते उघड्यावर काढताच येत नाही. गुप्तता पाळायलाच हवी, त्यात तडजोड नाही. पण ती पाळणारी माणसं घरात अशी मुकी होत जातात, हे कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत.

नैतिकता समितीनं मला बरंच विचारलं होतं. वयस्कर निवेदकांना त्रास झाला तर काय कराल? मुलाखत थांबवेन, रेकॉर्डर बंद करेन, घरच्यांना बोलावेन. शिवाय माहितीपत्रकाच्या तळाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकला. प्रत्येक आजी-आजोबांना तो मी वाचून दाखवते, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं वगैरे. समितीनं विचारलं ते सगळं योग्यच होतं. फक्त मला त्रास झाला तर काय, हा प्रश्न त्या कागदपत्रांत कुठेही नव्हता, आणि तो नाही हे मलाही तेव्हा जाणवलं नव्हतं.

काल रात्री तो नंबर मी बराच वेळ बघत बसले होते. असो.

माझ्या गाईड मॅडमवर राग धरावा तर तोही धरवत नाही. यूजीसीच्या नियमानं प्राध्यापकाला एका वेळी आठ पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, त्यांच्याकडे आठही जागा भरलेल्या. वर एमएचे तास, पेपर तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. त्या माझं प्रकरण वाचतात, समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहितात, तेही रात्री कधीतरी. आरएसीत “सॅम्पल एवढंच?” असं कुणी विचारलं की सॅच्युरेशन म्हणजे काय (नव्या मुलाखतींतून नवं काही निघेनासं होणं) ते माझ्याआधी त्याच समजावून सांगतात. ग्लेसर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली गोष्ट अजून दर बैठकीत नव्यानं सांगावी लागते, आणि त्या न कंटाळता सांगतात. आता त्यांनी माझं मनही सांभाळावं असं म्हणायचं का?

आज दुपारभर हेच चाललं होतं डोक्यात. आपलं कुणी नाही, आपण एकट्या. आत्यानं त्यात भर घातली. पीएचडीला तीन ते सहा वर्षं, वर दोन वाढवून मिळतात, बायकांना आणखी दोन, हे तिला कुठूनसं कळलंय. “म्हणजे दहा?” म्हणाली. मला ते फार लागलं.

संध्याकाळी माझ्यासारखंच पीएचडी करणाऱ्या लातूरच्या मित्राचा फोन आला. त्याची फेलोशिप पुन्हा अडकलीय. जेआरएफ ही केंद्राची फेलोशिप असलेल्यांना महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार ठरलेले. त्याची दुसरी योजना, तिचे पैसे येतील तेव्हा खरे. तोवर तो कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तास घेतो, आणि तेही बिल सत्राच्या शेवटी. त्याच्यापुढे मी आजींचं काय सांगणार, असं वाटलं. पण त्यानंच विचारलं, “फॉर्म दिलास? अडचणीत काय लिहिलंस?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मीपण तेच.” आणि आम्ही दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

मग त्यानं खूप कामाचं सांगितलं. तो ऊसतोड कामगारांच्या मुलाखती लिहितो, त्याला माहितीय. जड फाईल रात्री घ्यायची नाही. सकाळी वीस मिनिटं, गजर लावून, आणि गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. एका दिवसात दोन जड फायली नाहीत. लागत नाही त्या शब्दाला कंसात ‘अस्पष्ट’ लिहून वेळ टाकायची आणि पुढे जायचं, पहिल्याच फेरीत सगळं ऐकू यायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही. आणि उठल्यावर वेगळ्या वहीत स्वतःबद्दल पाच ओळी. फील्डनोट्सच्या वहीत नाही, वेगळ्या.

आणि रविवार आहेच. कमला नेहरू पार्कमध्ये आम्ही पीएचडीवाले बसतो तेव्हा कामं करतोच. नावं-गावं काढून टाकलेली तीच चार पानं दोघांनी वेगवेगळी कोड करायची, म्हणजे कुठला मजकूर कशाबद्दल आहे ते एका शब्दात लिहायचं, आणि मग शेजारी ठेवून बघायची. मी जिथे ‘भीती’ लिहिते तिथे तो ‘मजुरी’ लिहितो, आणि दोन्ही बरोबर असतं, आणि त्यातूनच पुढचा विचार सुचतो. नाशिकच्या ताईंचा व्हायवा होऊन गेला, तरी त्या येतात, येताना घरचे लाडू आणतात आणि आमच्या सिनॉप्सिसमधली वाक्यं निम्मी करून देतात. त्यांनीच मला मागे एकदा म्हटलं होतं, “निवेदकाचं सांगू नकोस. ऐकताना तुला काय झालं ते सांग. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.” तेव्हा मी मान डोलावली होती. आज ते खऱ्या अर्थानं कळलं. पूल, भाऊ, चोपड्या हे आजींचं, ते माझ्याकडे राखून ठेवायचं. पण माझी झोप उडाली आहे, ती माझी आहे. ती मी आईलाही सांगू शकते.

सांगितली. जेवताना. आई म्हणाली, “मग आधी का नाही बोललीस?” आणि तिनं पोळी वाढली. तिला सगळं कळलं असं नाही. पण तुटकपणाचं कारण तिला कळलं, तेवढ्यानंही घरातली हवा जरा मोकळी झाली.

मॅडमना मेसेज टाकलाय. प्रत्येक जड मुलाखतीनंतर पंधरा मिनिटं हवीत, प्रकरणाबद्दल नाही, नुसतं बोलायला, जमेल का? उत्तर आलं, “शुक्रवारी चारनंतर ये. बाकीच्यांनाही विचार, कुणाला हवं असेल तर.” कॅन्टीनमागच्या पायरीवरच्या मुलीला लगेच कळवलं. तिनं अंगठा पाठवला, मग थोड्या वेळानं, “तू पण येणार ना?”

आजींची फाईल उद्या सकाळी, चहा झाल्याबरोबर. दादाला सांगून ठेवलंय, त्या वीस मिनिटांत मिक्सर लावू नकोस.