लीडवर पडायला शिकताना: सरावाची नोंदवही

टॉप-रोपवर (दोर आधीच वरून लटकलेला असताना) ६बी ग्रेडचा रूट स्वच्छ निघतो आणि लीडवर (दोर खालून सोबत नेत, वाटेत भिंतीतल्या बोल्टांना अडकवत चढताना) त्याहून सोप्या ६ए लाही मध्येच ‘टेक’, म्हणजे ‘दोर ताणून धर’, मागावा लागतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक क्लाइंबिंग वॉलवर ऐकू येते. बोटं तीच, बूट तेच. पण शेवटचा क्विकड्रॉ (बोल्टला लावलेली, दोर अडकवायची दोन कड्यांची पट्टी) गुडघ्याखाली गेला की होल्ड, म्हणजे हाताची पकड, गरजेपेक्षा कितीतरी जोराने आवळला जातो, श्वास वरच्या वर अडकतो, पाय कुठे ठेवायचा हे बघायचंच राहतं आणि हात पंप होतात, म्हणजे भरून येतात. बोटांची ताकद वाढवणाऱ्या हँगबोर्डवर कितीही लटकलं तरी हा फरक भरून निघत नाही. त्यासाठी पडावं लागतं, आणि तेही ठरवून, मोजून.

एक अट सुरुवातीलाच. लीड बिले (लीडवर चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं) जाणकाराकडून शिकलेला आणि त्यात मुरलेला जोडीदार नसेल, तर खालचं काहीही करून बघू नका. या सरावातलं अर्ध्याहून जास्त काम जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं असतं.

वहीत काय लिहायचं

रूट आणि ग्रेड, कितवा बोल्ट, तो शरीराच्या कोणत्या भागाशी होता, सांगून पडलं की न सांगता, भीती ० ते १० मध्ये (पडण्याआधीची आणि नंतरची), झेल, म्हणजे खालच्या जोडीदाराने दोरावर थांबवणं, कसा होता. आणि एक स्वतंत्र रकाना धोक्याचा: कमी, मध्यम, जास्त. हा रकाना क्लाइंबरने भरायचा नाही. बिलेअरने, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याने, चढाईआधी, खालून रूट वाचून भरायचा. नमुन्याची ओळ अशी दिसते: ‘६ए, सहावा बोल्ट, गुडघ्याशी, सांगून. धोका कमी. भीती ७ वरून ३. झेल मऊ.’

भीती आणि धोका वेगळे लिहिण्याचं कारण चार-पाच पानं भरली की आपोआप दिसतं. दुसऱ्या बोल्टवर भीती २, धोका जास्त. आठव्या बोल्टवर भीती ८, धोका कमी. नवख्यांच्या वह्या बहुतेक अशाच उलट्या असतात, कारण मन उंची मोजतं आणि इजा ठरते ती खाली किती जागा उरली आहे यावर. हे दोन रकाने जुळवत आणणं, एवढंच या सरावाचं काम. भीती शून्यावर आणायची नाहीच. दुसऱ्या बोल्टवरची भीती तर वाढायला हवी.

तिसऱ्या बोल्टचा हिशेब

हा एकदा कागदावर करून बघावा, कारण तो समजला की क्लिप करण्याची, म्हणजे क्विकड्रॉत दोर अडकवण्याची, सवयच बदलते. समजा बोल्ट ३, ४.५ आणि ६ मीटरवर आहेत. दुसरा क्लिप झालाय, तिसरा करायचाय.

पहिली पद्धत, डोक्यावरून क्लिप करणं. हार्नेसची (कमरेच्या पट्ट्याची) गाठ ५ मीटरवर आहे, हात वर करून दोर ६ मीटरपर्यंत ओढला. दुसऱ्या बोल्टपासून तिसऱ्यापर्यंत दीड मीटर आणि तिथून परत गाठीपर्यंत एक मीटर, म्हणजे दुसऱ्या बोल्टच्या पुढे अडीच मीटर दोर मोकळा. त्याच क्षणी पाय सुटला तर गाठ ४.५ उणे २.५, म्हणजे २ मीटरवर येऊन दोर ताणायला लागतो. दोराचा ताण आणि बिलेअरचं वर उचललं जाणं मिळून किमान एक मीटर धरा. गाठ १ मीटरवर. पाय गाठीच्या खाली साधारण मीटरभर. म्हणजे पाय जमिनीवर.

दुसरी पद्धत, आणखी एक-दोन मूव्ह करून बोल्ट कमरेशी आल्यावर क्लिप करणं. गाठ ६ मीटरवर, पुढे मोकळा दोर दीड मीटर. पडलं तर दोर ताणायला लागतो ३ मीटरवर, थांबतो २ मीटरवर, पाय जमिनीपासून मीटरभर वर.

दोन्हीकडे मोकळं पडणं तीन मीटरच. पण पहिलं एक मीटर खाली जाऊन संपतं. डोक्यावरून क्लिप करणाऱ्याला वाटतं की आपण लवकर सुरक्षित झालो. त्या दोन सेकंदांत तो सगळ्यात उघडा असतो. अर्थात खालचा होल्ड भलामोठा आणि वरचे बारीक असतील तर डोक्यावरून क्लिप करणंच शहाणपणाचं. प्रश्न पडण्याच्या शक्यतेचाही असतो, फक्त परिणामांचा नाही. या हिशेबात बिलेअरकडचा ढिला दोर शून्य धरलाय, हेही विसरू नका. तिथे अर्धा मीटर जास्त सोडलेला असेल तर दुसरी पद्धतही जमिनीच्या फार जवळ आणते. म्हणून तिसरा बोल्ट क्लिप होईपर्यंत पडण्याचा सराव नाही, आणि बोल्टमधलं अंतर जास्त असेल तर चौथ्यापर्यंत नाही.

उंचावर गणित उलटं फिरतं. पडण्याची लांबी भागिले बाहेर असलेला दोर, म्हणजे फॉल फॅक्टर. गाठ बोल्टच्या एक मीटर वर आणि बाहेर १२ मीटर दोर असेल तर २ भागिले १२, म्हणजे ०.१७ च्या आसपास. तिसऱ्या बोल्टखालच्या दुसऱ्या उदाहरणात बाहेर जेमतेम ५ मीटर दोर असतो, तिथे ३ भागिले ५, म्हणजे ०.६. जास्त दोर म्हणजे ताण शोषायला जास्त लांबी. आठव्या बोल्टवरचं पडणं अंगाला मऊ लागतं ते यामुळे.

साहित्य

सिंगल डायनॅमिक दोर (झटक्याला ताणला जाणारा, एकटाच पुरणारा), सरावाला ९.५ ते १० मिमीचा बरा. प्रमाणित दोराची चाचणी ८० किलो वजन आणि सुमारे १.७ फॉल फॅक्टरवर होते. त्यात पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो आणि दोराने किमान पाच पडणी झेलावी लागतात. वॉलवरच्या रोजच्या पडण्यात यातलं काहीच घडत नाही. दोर तुटेल ही भीती वहीत लिहा, पण तिच्यावर वेळ घालवू नका. वेळ द्यायचा तो गाठीला: आठाची गाठ, दुहेरी फिरवलेली, मागे १० सेंटिमीटर शेपूट, जोडीदाराने हात लावून तपासलेली. दोराच्या दुसऱ्या टोकालाही गाठ.

कॅराबिनरचं, म्हणजे क्विकड्रॉच्या टोकाच्या कड्याचं, मात्र लक्षात ठेवा. त्याच्या लांबीच्या दिशेने तो किमान २० किलोन्यूटन सहन करतो, गेट (कड्याची उघडणारी दांडी) उघडं असेल तर हमी ७ चीच. आणि वरच्या कॅराबिनरवर दोन्ही बाजूंच्या दोराची ओढ एकत्र येते, त्यामुळे क्लाइंबरला जेवढा झटका बसतो त्याहून बराच जास्त तिथे बसतो.

बिलेला असिस्टेड ब्रेकिंगचं (झटका बसला की दोर पकडायला मदत करणारं) उपकरण घ्या. त्यातलं ग्रिग्री १९९१ पासून आहे, पण ब्रेकचा हात दोरावरून काढायची परवानगी तेही देत नाही.

टप्पे

जागा आधी निवडा. थोडी पुढे झुकलेली भिंत, बोल्ट एका सरळ ओळीत, खाली मोठा व्हॉल्यूम (भिंतीवर बसवलेला उंचवटा) किंवा कडा नाही. उभी किंवा मागे रेललेली भिंत सरावाला वाईट, तिथे पडताना गुडघे आणि पंजे घासत येतात. ग्रेड स्वतःच्या मर्यादेपेक्षा दोन पायऱ्या खालचा, कारण लक्ष पडण्याकडे हवं.

सुरुवात टॉप-रोपवरून, वरच्या भागात, बिलेअरने अर्धा मीटर ढील देऊन. इथे शिकायचं ते शरीराचं: सुटताना श्वास सोडा, नजर खाली, हात छातीसमोर, पाय खांद्याइतके फाकलेले आणि गुडघे सैल. भिंतीला ढकलू नका. जितकं बाहेर ढकलाल तितक्या जोराने भिंतीवर आत याल, आणि घोटे दुखावतात ते याच झोक्यात.

मग लीडवर, पाचव्या बोल्टच्या पुढे. बोल्ट छातीशी, मग कमरेशी, मग मांडीशी, गुडघ्याशी, शेवटी पायाशी. प्रत्येक पायरीवर भीती ३ किंवा खाली येईपर्यंत तिथेच राहा, आणि एका सत्रात दोनपेक्षा जास्त पायऱ्या चढू नका. इथेच बहुतेकांची घाई होते. ‘एकदाच मोठी उडी मारू, भीती मोडेल’ हा सल्ला वॉलवर फार मिळतो. ज्यांची भीती मोडते ते तो सल्ला पुढे देतात, ज्यांची वाढते ते लीड सोडून देतात आणि सल्ला द्यायला उरत नाहीत.

पायाशी बोल्ट असताना सांगून पडणं जमलं की ‘न सांगता’ हा वेगळा टप्पा सुरू होतो. बिलेअरला एवढंच माहीत असतं की पाचव्या आणि आठव्या बोल्टच्या मध्ये कुठेतरी पडणं आहे. भीतीचा आकडा इथे पुन्हा ६-७ वर जातो. ते बरोबर आहे, काहीतरी बिघडलं असं समजू नका. त्यानंतर हलताना पडणं: हात पुढच्या होल्डकडे फेकायचा, तो खरंच पकडायचा प्रयत्न करायचा आणि सुटू द्यायचं. ठरवून सोडलेला होल्ड आणि निसटलेला होल्ड यांत अंगाला मोठा फरक जाणवतो.

भीती जागेला चिकटलेली असते. एकाच रूटवर, एकाच बिलेअरसोबत आकडा २ वर आणला आणि भिंत बदलली की तो ५ दाखवतो. म्हणून प्रत्येक पायरी निदान दोन वेगळ्या भिंतींवर, आणि जमल्यास दोन बिलेअरसोबत. मोठी सुट्टी पडली तर एक-दोन पायऱ्या खालून सुरुवात.

झेल

मऊ झेल म्हणजे ढिला दोर, हा गैरसमज चिवट आहे. ढील फक्त पडणं लांबवते. मऊपणा येतो तो दोर ताणला जाताना बिलेअर वर सरकल्याने. गुडघे सैल ठेवून उभं राहायचं, दोराची ओढ हार्नेसला जाणवली की तिच्यासोबत छोटी उडी. आधीच उडी मारली तर ताण येईपर्यंत पाय परत जमिनीवर टेकलेले असतात आणि झेल उलट कडक होतो.

जागा भिंतीपासून मीटरभराच्या आत, पहिल्या बोल्टच्या थोडं बाजूला. दोन-तीन मीटर मागे उभा राहिलेला बिलेअर झटक्यासरशी भिंतीकडे ओढला जातो आणि तेवढा दोर क्लाइंबरला फुकट जातो. खालच्या बोल्टांवर क्लाइंबर असेल तर मऊ झेल विसरा, तिथे कमीत कमी दोर आणि बसका पवित्रा.

वजनाचा रकाना वहीत नसेल तर आताच घाला. क्लाइंबर बिलेअरपेक्षा बराच जड असेल तर बिलेअर पहिल्या क्विकड्रॉपर्यंत उचलला जातो; तिथे एडेलरिडच्या ओमसारखं घर्षण वाढवणारं उपकरण पहिल्या बोल्टला लावतात. बिलेअर जड असेल तर त्याने उडी शिकलीच पाहिजे, नाहीतर हलक्या क्लाइंबरला प्रत्येक वेळी भिंतीवर आपटावं लागतं.

काय बिघडतं

बॅक-क्लिप: दोर भिंतीच्या बाजूने येऊन बाहेर, क्लाइंबरकडे निघायला हवा. उलटा असेल तर पडताना दोर गेटवर येऊन ते उघडू शकतो. झी-क्लिप: बोल्ट जवळजवळ असताना मागच्या क्विकड्रॉच्या खालचा दोर हातात येतो, तोच पुढच्यात अडकवला जातो आणि पुढे दोर ओढला जात नाही. दोर पायामागे: बोल्टच्या वर गेल्यावर टाच दोराच्या आत राहिली तर पडताना माणूस उलटा होतो, डोकं भिंतीवर. हे तिन्ही बिलेअरला खालून दिसतं. त्याने ओरडून सांगायचं, ते उद्धटपणाचं नसतं.

घाबरून क्विकड्रॉ पकडणं ही सगळ्यात हट्टी सवय. बोट गेटमध्ये अडकलं तर इजा गंभीर होते. तो हात वळला की वहीत खूण करा. खुणा वाढल्या तर पायरी एक खाली.

लागोपाठ पडण्यांनी दोराची लवचीकता तात्पुरती कमी होते आणि गाठ दगड होते. मध्ये काही मिनिटं विश्रांती, गाठ सोडून नव्याने, सत्राच्या मध्यात दोराची टोकं उलट.

वही आता कुठे आहे

न सांगता, बोल्ट पायाशी, दोन भिंतींवर: भीती ३. हलताना पडणं: ५ वर अडकलंय. ६ए वर ‘टेक’ची जागा पडण्याने घेतली आहे, आणि पडण्याआधी दोन-तीन मूव्ह जास्त निघतात. दुसऱ्या बोल्टवरचा आकडा २ वरून ५ वर गेला, ही या वहीतली सगळ्यात चांगली नोंद. पुढची पायरी ६बी लीडवर, अट एकच: चौथ्या बोल्टनंतर ‘टेक’ म्हणायचं नाही, बिलेअरने खालून थांबवलं तर गोष्ट वेगळी. खऱ्या कातळावर हा सराव तसाच उचलून नेता येत नाही. तिथे मध्ये कपारी आणि टप्पे असतात, दोर कडेवर घासतो, हेल्मेट लागतं, आणि धोक्याचा रकाना प्रत्येक बोल्टसाठी नव्याने भरावा लागतो.