इचिजोदानी: असाकुरांच्या दरीत

जपानमधल्या असाकुरा या जुन्या सरदार घराण्याच्या वाड्यासमोर जो देखणा दरवाजा उभा आहे, फोटोंमध्ये सगळीकडे दिसतो तो, मुळात असाकुरांचा नाहीच. घराणं बुडाल्यावर शेवटच्या सरदाराच्या स्मरणार्थ तिथे देऊळ झालं, त्याचा तो दरवाजा. त्यातून आत गेलं की समोर गवत, आणि गवतात रांगेने मांडलेले जोत्याचे दगड. पाच पिढ्या आणि १०३ वर्षांच्या सत्तेचं इथे एवढंच उरलंय. मी बराच वेळ त्या जोत्यांमधून फिरत होते.

या घराण्याची राजधानी इचिजोदानी ही जपानच्या फुकुई शहराजवळची चिंचोळी दरी. दोन्हीकडे डोंगर, मधून लहानशी नदी. दरीची दोन्ही तोंडं असाकुरांनी तटबंदीने बंद केली होती. खालच्या दरवाजापाशी रचलेले प्रचंड धोंडे अजून जागेवर आहेत. आत सुमारे दहा हजार माणसांचं शहर होतं.

हे उभं केलं असाकुरा ताकाकागेने. तो एचिझेन प्रांतावरच्या शिबा घराण्याचा सेवक. जपान दोन फौजांत विभागणाऱ्या ओनिन यादवी युद्धात तो आधी पश्चिम फौजेत होता, १४७१ मध्ये पूर्वेकडच्या फौजेत गेला आणि त्या बदल्यात प्रांतावर हक्क मिळवला. निष्ठा विकली म्हणावं तर म्हणा, पण माणूस विलक्षण होता. त्याच्या नावावर सतरा कलमांचा घराण्याचा नियम आहे. पदं वारशाने देऊ नका, कर्तृत्व बघून द्या, हे त्यात आहे. एका मौल्यवान तलवारीच्या किमतीत शंभर भाले येतात, तेव्हा भाले घ्या, हेही आहे. मला तर या कलमांत अख्खं सेनगोकु, म्हणजे सरदारांच्या आपसातल्या लढायांचं, युग दिसतं.

पाचव्या पिढीत योशिकागे आला. १५६७ मध्ये शोगुनांच्या घराण्यातला परागंदा आशिकागा योशिआकी या दरीत आश्रयाला आला. मला घेऊन राजधानी क्योतोवर चाल करा, शोगुनपद, म्हणजे देशाचं सर्वोच्च लष्करी पद, मिळवून द्या, हे त्याचं मागणं. योशिकागेने पाहुणचार केला, पण दरी सोडली नाही. १५६८ मध्ये योशिकागेचा लहान मुलगाही वारला. योशिआकी कंटाळून ओदा नोबुनागा या जोरात असलेल्या सरदाराकडे गेला, आणि त्याच वर्षी नोबुनागा त्याला घेऊन क्योतोत शिरला.

योशिकागेला नेभळट म्हणायची रीत आहे. त्याने करून घेतलेल्या बागा पाहिल्यावर मला ते पटेना. दरीतल्या सुवा वाड्याच्या बागेतला मुख्य दगड चार मीटरहून उंच आहे, धबधब्याच्या मांडणीतला. ज्याच्याकडे इतकं आहे, त्याला जुगार खेळावासा वाटत नाही. पण शेजारी नोबुनागासारखा माणूस असताना न खेळणं हाही जुगारच होता.

१५७० मध्ये असाकुरा आणि त्यांचं मित्र घराणं अझाई यांनी मिळून नोबुनागाला कोंडीत पकडलं होतं, तो निसटला. १५७३ मध्ये अझाईंच्या मदतीला गेलेला योशिकागे माघार घेत असताना तोनेझाकाच्या घाटात त्याची फौज कापली गेली. मोजक्या माणसांनिशी तो दरीत परतला. चुलतभाऊ कागेआकीराच्या सल्ल्याने ओनो या गावी गेला, आणि तिथे त्याच भावाने त्याला घेरलं. योशिकागेने पोट चिरून घेतलं. इकडे दरी पेटवली गेली. आग तीन दिवस तीन रात्री जळत होती असं सांगतात. कागेआकीराला नोबुनागाने बक्षिसी दिली, पण पुढच्याच वर्षी इक्को या बौद्ध पंथाच्या बंडात तोही मारला गेला.

१५७५ मध्ये बंडखोरांकडून प्रांत पुन्हा जिंकल्यावर नोबुनागाचा सरदार शिबाता कात्सुइए याने आजच्या फुकुई शहराच्या जागी नवा किल्ला बांधला. दरीत कुणी परतलं नाही, नुसती भातशेती झाली. म्हणूनच १९६७ पासूनच्या उत्खननात रस्ते, विहिरी, घरांचे पाये जसेच्या तसे मिळाले. एका घरात वैद्यकाच्या ग्रंथाचे जळके तुकडे सापडले, म्हणजे तिथे वैद्य राहत असणार. शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, १७४ सोंगट्या मिळाल्या. त्यात ‘मदमस्त हत्ती’ ही आजच्या डावात नसलेली सोंगटीही आहे. भारतातून निघालेल्या खेळातला हत्ती तिथे असा भेटला, तेव्हा मला फार आनंद झाला.

जाणार असाल तर फुकुईहून इचिजोदानीची छोटी डिझेल गाडी पकडा. २०२२ मध्ये उघडलेलं संग्रहालय स्थानकाजवळच आहे. योशिकागेच्या वाड्याचा काही भाग तिथे पूर्ण आकारात उभारलाय. तो आधी बघा. त्यानंतर जोती बघाल तेव्हा दालनं कुठे होती, पाहुणे कुठे बसत, हे आपोआप कळत जाईल. जुन्या शहराची एक गल्ली पुन्हा बांधलीय, तिथेही जरूर जा, पण बागांसाठी वेळ राखून ठेवा. त्या वर चढणीवर आहेत, आणि बरेच लोक तिथवर जातच नाहीत.