तारीख कोपऱ्यात, घडलेलं ठळक

रविवार, १८ जानेवारी

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मी वही घेऊन बसते. मोबाइल त्या वेळी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवते. दिवसभराचे फोटो, कोणाकोणाचे फोन, सगळं त्यात असतं. ते बघून लिहिलं की पान भराभर भरतं, पण डोक्याला काही कामच उरत नाही. मला तर आठवायचंच असतं. सकाळपासूनचं एकेक आठवून काढायचं आणि मगच पेन उचलायचं. कधीकधी दुपारचा एखादा तास सापडतच नाही. अशा वेळी मी थांबते. भाजी कोणती होती, दारावर कोण आलं होतं, असं चाचपडत गेलं की बहुतेकदा तो हाती लागतो.

आजची नोंद अशी सुरू होते: "धाकट्या जाऊबाईंच्या शेतात हुरडा. कणसं चोळणाऱ्या मुलाचे तळहात आगटीच्या राखेने काळेभोर. तो मधूनच हात झटकायचा आणि पुन्हा गरम कणीस उचलायचा." शेंगदाण्याची चटणी आणि दही खाली आलं. तारीख वर कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

हे मी विचार करून ठरवलं आहे. विलेम वाखेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग टिपून ठेवले. प्रसंग दोन हजारांच्या वर. प्रत्येकात काय घडलं, कोण होतं, कुठे आणि कधी, हे वेगवेगळं लिहिलेलं. मग त्यातली एकच खूण बघायची आणि बाकीचं आठवतं का ते तपासायचं. हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती "काय घडलं" ही खूण. नुसत्या तारखेवरून जवळजवळ काहीच आठवेना. आपल्या डायऱ्या मात्र छापतानाच तारखेवर उभ्या केलेल्या असतात.

आईच्या शेवटच्या वर्षांत मी हे डोळ्यांनी पाहिलं. तिला आज कोणता वार ते सांगता यायचं नाही, घरात बसून "घरी कधी जायचं" म्हणून विचारायची. तिच्या हिशेबाच्या जुन्या वह्या माझ्याकडे होत्या, त्या मी तिला वाचून दाखवायचे. "आई, १९७२ साल" म्हटलं तर चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. त्याच पानावरचं "रेशनचा मिलो" (दुष्काळात रेशनवर मिळणारी लाल ज्वारी) वाचलं की ती लगेच सावरून बसायची. "त्याच्या भाकऱ्या थापायला नको वाटायचं गं. कडा फाटायच्या. मी उकड काढून घ्यायची. तुझे बाबा मुकाट खायचे." त्या दुष्काळात मी तेरा वर्षांची होते आणि लाल भाकरीपलीकडे मला फारसं आठवत नव्हतं. तिच्या तोंडून ऐकताना परातीत पाणी ओतणारे तिचे हात मलाही दिसायला लागले. वहीत तर फक्त वजन आणि पैसे लिहिलेले होते!

म्हणून "आज मन उदास होतं" असं कोणी रोज लिहीत असेल, तर मी आवर्जून सांगते की सोबत काय शिजवलं, काय मोडलं, कोण काय बोललं तेही लिहा. उदासी दहा वर्षांनी सगळी सारखीच दिसते.

लिहिल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र मी कोणालाही सांगणार नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून ६७८ जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या नन्सचा, अभ्यास केला. त्यातल्या काही जणींनी तरुणपणी, साधारण बाविशीत, लिहिलेली छोटी आत्मचरित्रं मठात जपलेली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी जास्त, त्यांची बुद्धी म्हातारपणी जास्त शाबूत असलेली दिसली. पण लिहिण्यामुळे ती टिकली की मुळात तल्लख होत्या म्हणून तसं लिहू शकल्या, हे त्यावरून ठरत नाही. ओळखीचा रस्ता चुकायला लागला, सुट्टे मोजताना अडायला लागलं, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावं. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे.

माझ्यासाठी वहीचा खरा उपयोग दर रविवारी होतो. मागच्या आठवड्याची पानं काढायची, पहिली ओळ उघडी ठेवून खालचं हाताने झाकायचं आणि सांगायचं. आज बुधवारचं पान सगळं आलं: यात्रेतले नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं, गर्दीत सुटलेला ह्यांचा चष्मा. शुक्रवारी पहिल्या ओळीपुढे गाडी सरकेना, तेव्हा ह्यांना विचारलं. त्यांनी "अगं, गवंडी आला होता ना" एवढंच म्हटलं आणि पुढचं मीच सांगितलं. वाखेनारांनाही असंच झालं होतं. साफ पुसले गेलेत असे वाटणारे प्रसंग, तिथे हजर असलेल्या माणसांनी आणखी काही सांगितल्यावर त्यांना आठवले.

पुढच्या महिन्यात धाकटा भाऊ येतोय. आईच्या वह्यांत काही ओळी अशा आहेत की मला त्यातून काहीच हाती लागत नाही. १९७४ च्या वहीत तीन ठिकाणी "सायकलवाला, बाकी २ रु." आहे. आमच्या घरी तेव्हा सायकल नव्हती. भाऊ आईच्या मागे मागे सगळीकडे जायचा, त्याला नक्की माहीत असणार. ते पान खूण घालून ठेवलंय.