आमची वाटचाल : पेटारा, पायपेटी आणि जत्रेची नाईट

कुडाळ तालुक्यातील आमची दशावतार मंडळी, म्हणजे कोकणातले हे लोकनाट्य जत्रांतून करणारी नाटक कंपनी, वडिलांनी उभी केली आणि त्यांच्यानंतर मालक म्हणून तिची जबाबदारी माझ्याकडे आली. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात, तेव्हापासून पावसाच्या तोंडापर्यंत कंपनी फिरतीवर असते. या काळात चांगले हंगाम पुष्कळ झाले, परंतु ज्या वर्षी कंपनी बुडायला आली त्याची हकिकत नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

जत्रांच्या तारखा बांधून झाल्या होत्या. अशा वेळी दुसऱ्या एका मंडळीच्या मालकाने मोठी उचल (आगाऊ रक्कम) देऊन आमचे राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) आणि स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा) असे दोन्ही मुख्य नट फोडले. आमच्याकडून घेतलेली उचल त्यांनी परत केली नाही. एवढ्यावर न थांबता, आमच्याकडे आता नटच उरले नाहीत असे देवस्थानांना सांगून त्या मालकाने आमच्या ठरलेल्या नाईटी, म्हणजे जत्रेतले रात्रीचे प्रयोग, स्वतःकडे वळवल्या. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम रंगपटात सांगितला जातो आणि संवाद नटाने आपल्या वाचनातून व हजरजबाबीपणातून उभे करायचे असतात. त्यामुळे गेलेल्या नटाच्या जागी दुसऱ्याला पाठांतर करवून उभे करता येत नाही, हे त्या मालकालाही पक्के ठाऊक होते. त्याचा राग मला आजही आहे.

वेंगुर्ल्याकडील एका देवस्थानच्या मानकऱ्यांनी मात्र नाईट आमचीच राहील असे कळवले आणि बिदागी आगाऊ पाठवली. त्या रात्री पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर वेशभूषेच्या पेटाऱ्याची पूजा झाली, आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुर राक्षस येऊन गेले, आणि एरवी संकासुर करणाऱ्या तरुणाने अंगावरचा काळा वेश उतरवून, चेहऱ्यावर सफेदा चढवून, नऊवारी नेसून नायिका उभी केली. त्याचा संवाद अडला की पायपेटीवरचे (पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमवरचे) गायक बुवा लगेच पद उचलत आणि त्याला विचार करायला तेवढी उसंत मिळे. बुवांनाही अधिक पैशांचे निरोप आले होते, पण ते वडिलांच्या काळापासूनचे; जागचे हलले नाहीत. दहीकाल्यापर्यंत, म्हणजे प्रयोगाच्या शेवटच्या विधीपर्यंत, प्रेक्षक बसून होते आणि मानकऱ्यांनी तिथेच पुढच्या वर्षीच्या निमंत्रणाचा नारळ दिला. ती जत्रा अजून आमच्याकडेच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने हंगाम अर्ध्यावर तुटला, तेव्हाही पहिली विचारपूस त्याच गावातून झाली.

नव्या मालकांना एवढे सांगावेसे वाटते की उचल देताना कागद करावा आणि हंगामाची सगळी रक्कम एकदम देऊ नये. ट्रिक सीनसाठी (चमत्काराच्या दृश्यांसाठी) धूर आणि दिवे भाड्याने आणता येतात, परंतु युद्धनृत्याला साथ देणारा मृदंगावरचा हात घडायला वर्षे लागतात. पैसा आधी तिथे घालावा. मुकुट ओलसर खोलीत ठेवू नयेत, कोकणातल्या हवेत त्यांचा वर्ख लगेच सुटतो.

पावसाळ्यात कंपनी बंद असताना आम्ही गावातल्या मुलांना मृदंग, झांज आणि पदे विनामूल्य शिकवतो, तसेच पोथ्या वाचून त्यांतील प्रसंगावर आयत्या वेळी बोलायला लावतो. आपले नट आपल्याच वाडीत तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू आहे. वर्गातला एक मुलगा आता आमच्याकडे बालपार्टी, म्हणजे लहान मुलांच्या भूमिका, करतो, आणि त्यालाही बाहेरून उचलीचे निरोप येऊ लागले आहेत.