सात चुका की एकच?

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिलं काय आठवलं तर शनिवारचं श्रुतलेखन. स्नेहसंमेलन, सहल वगैरेवर बाकीचे लिहितीलच, मी आपली वेलांट्यांवर लिहिते.

मी तिसरीत आपल्या शाळेत आले. आधीच्या शाळेत (नाव नको) श्रुतलेखन म्हणजे दहा शब्द, आणि चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायचा, विषय संपला. मी एकदा 'उज्ज्वल' हा शब्द दहा वेळा लिहून दिला, दहाही वेळा 'उज्वल', आणि तो तसाच तपासून पण आला!

इथल्या बाईंचं निराळं होतं. शब्द एकदा म्हणायचा, मग वाक्यात, मग परत नुसता शब्द. वाक्य कशाला, तर 'दिन' आणि 'दीन' आपण बोलताना सारखेच म्हणतो, 'शिर' आणि 'शीर' पण, मग नुसता शब्द सांगून पोरांनी ओळखायचं कसं. आणि हे सगळं त्या वर्गाच्या मागे फिरत फिरत सांगायच्या, कारण समोर उभ्या राहिल्या की आम्ही त्यांच्या ओठांकडे बघत बसायचो, ओठ ताणले की दुसरी वेलांटी. एकदा कोणीतरी म्हणालं, बाई जरा लांबवून सांगा ना. तर म्हणाल्या, "मी लांबवून सांगितलं तर मार्क मलाच द्यावे लागतील."

आता माझी गोष्ट. पहिल्याच महिन्यात मला १० पैकी ३ पडले. पाऊस, आकाश, अभ्यास बरोबर, बाकी सात लाल. मी रडायच्या बेतात, आणि बघते तर समासात दुसरा एक आकडा, ३६ पैकी २९. ही काय भानगड कळेना. बाईंनी जवळ बोलावलं, म्हणाल्या, अगं अक्षरं मोज, ३६ अक्षरांत तुझी २९ बरोबर आहेत, चुकलेली सात कुठली ते मला वाचून दाखव. मी वाचलं: विहीरीत, जमीनीवर, फूलाला, मूलाला, गरीबाला, वकीलाने, बहीणीने. "काय दिसतंय?" मला काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी बाजूला नुसतं 'विहीर', 'फूल', 'गरीब' असं लिहिलं आणि म्हणाल्या हे तुला पक्कं येतंय, म्हणूनच तू पुढे 'त' आणि 'ला' लावताना वेलांटी किंवा उकार तसाच ठेवलास, पण शब्द पुढे वाढला की तो दुसरा पहिला होतो. विहीर, विहिरीत. फूल, फुलाला. सात शब्द चुकले पण चूक एकच. मार्क मात्र वाढवले नाहीत हां, तीनचे तीनच.

पुढच्या शनिवारी परत तसलेच दहा शब्द, पण सगळे नवे. नऊ बरोबर आले आणि दहावा मी लिहिला 'शरिरात'. बाई हसल्याच. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय म्हणून 'शरीरात'च राहतो, हे मला कुठून माहीत असणार, मी आपला शिकवलेला नियम लावला होता. मार्क कापला आणि शेजारी लिहिलं, 'चूक, पण चांगली चूक'. ती वही मी कितीतरी वर्षं जपली होती, मग घर बदलताना गेली कुठेतरी.

माझ्या बाकावरची मैत्रीण 'बगितलं', 'दंदा' असं लिहायची. तिला बाईंनी नियम सांगितलाच नाही, तळहात तोंडासमोर धरून 'ग' आणि 'घ' म्हणायला लावलं, 'घ'ला हातावर वारा लागतो. ती कानाची चूक. पोटफोड्या 'ष'चं उलटं, तो आपल्या बोलण्यात बहुतेक 'श'च होतो, मग कान कितीही तयार असला तरी 'विषय' ऐकून कसा कळणार, तो डोळ्यांनीच लक्षात ठेवायचा, म्हणून असले शब्द आदल्या दिवशी फळ्यावर असायचे. आणि मी एकदा 'नाहीं' असं टिंब देऊन लिहिलं, कारण आजोबांच्या पत्रांत तसंच असायचं. बाई म्हणाल्या आजोबांचं बरोबरच आहे, त्यांच्या वेळी तसंच शिकवायचे, १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने मान्य केले तेव्हा ही न उच्चारायची टिंबं गेली (पुढे १९७२ ला आणखी ४ नियम आले). हे ऐकून मला भारी वाटलं होतं, म्हणजे शुद्धलेखन काही आकाशातून पडत नाही, माणसंच बसून ठरवतात.

मागच्या महिन्यात लेकीची वही बघितली, १० पैकी ४, खाली सही, बाकी काही नाही. फोनवर मराठी टाइप करताना पुढचा शब्द फोनच सुचवतो तर कशाला एवढं टेन्शन असं घरातले म्हणत होते. मी वही घेऊन बसले. आर्शीवाद, र्माग, र्गदी, र्वष, म्हनून, महत्व. पहिले चार बघा. 'मार्ग' म्हणताना अर्धा 'र' 'मा'च्या नंतर ऐकू येतो, म्हणून ती रफार 'मा'च्याच डोक्यावर देते, आणि आपल्याकडे तो द्यायचा पुढच्या अक्षरावर. चारही शब्दांत तेच. म्हणजे तिला ऐकू बरोबर येतंय, टोपी फक्त शेजारच्याला घातलीये. 'म्हनून' कानाचं, 'महत्व' (हवं 'महत्त्व') पाठ नसल्याचं.

"म्हणजे माझ्या सहा नाही, तीनच चुका?"

"तीनच."

"मग मार्क सात ना?"

म्हटलं, नाही बाई, मार्क चारच.