बांधाची मोजणी : अर्जाच्या आधीचं काम, मोजणीचा दिवस आणि नंतरचं (माझा अनुभव)

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. त्यांतल्या एका गावात आमचा ३२ आरांचा गट आहे. पूर्वेच्या बांधावरून शेजाऱ्यांशी मतभेद झाला आणि हद्द कायम मोजणी, म्हणजे कागदोपत्री हद्द जमिनीवर कुठे येते ते दाखवणारी सरकारी मोजणी, करून घ्यावी लागली. भांडणाचा तपशील सोडून देतो, तो घरोघरी थोड्याफार फरकानं सारखाच असतो. कामाचा तपशील मात्र देतो, कारण मला तो तुकड्यातुकड्यांनी आणि बराचसा उशिरा मिळाला.

सातबारा हातात घेऊन बांधावर उभं राहिलं तर काहीच सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. ते क्षेत्र कुठून कुठे आणि कोणत्या आकाराचं, हे त्यावर नसतं. त्यातही लोक आर आणि गुंठा एकच समजतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६.३९ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. एकाला साडेबारा फुटांचा फरक किरकोळ वाटतो, पण ३२ आर आणि ३२ गुंठे यांत ४०० चौरस फुटांचं अंतर पडतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं 'बत्तीस गुंठे' असंच म्हटलं जायचं, म्हणजे तेवढी जमीन कुणी न घेताही आमच्या हिशेबात कमी भरणार होती. टेप लावायच्या आधी हा हिशेब कागदावर करून घ्या.

मोबाइलवरच्या अ‍ॅपनं बांध चालून मोजणारे खूप आहेत. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असतो. ६० मीटर लांबीचा बांध एक मीटरनं सरकला तर ६० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन हलते. तेव्हा अ‍ॅपमधलं चित्र शेजाऱ्याला दाखवून वाद सुरू करू नये. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गट नकाशा उपग्रह चित्रावर बसवून काढलेली रेषाही त्याच जातीची. गट कुठे आहे ते कळायला ती चांगली, हद्द ठरवायला नाही.

हद्द ठरते ती टिपणावरून. आपल्या भागातली शेतमोजणी जुनी आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्या वळणाचं टिपण म्हणजे सर्व्हे नंबराचं हातानं काढलेलं चित्र: मधून आधाररेषा, तिच्यापासून दोन्ही अंगांना बांधापर्यंत काटकोनात घेतलेली मापं. ते प्रमाणात काढलेलं नसतं, म्हणून त्यावर पट्टी ठेवून काही मोजायचं नाही. लिहिलेले आकडेच धरायचे. आकडे साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. आमच्या पूर्व बांधाचं माप सहा साखळी पाच आणे होतं: १९८ फूट अधिक १०.३१ फूट, एकूण २०८.३१ फूट, ६३.५ मीटर.

टिपण मिळवताना एक अडचण हमखास येते. नक्कल अर्जात लोक गट नंबर लिहितात आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. कारण सरळ आहे. गट नंबर आले ते जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत, १९४७ च्या कायद्यानंतर. टिपण त्याआधीच्या सर्व्हे नंबराचं असतं. म्हणून पहिल्यांदा एकत्रीकरणाचं योजनापत्रक काढायचं, त्यात आपला गट कोणत्या सर्व्हे नंबर-हिश्श्यांतून झाला ते पाहायचं, आणि मग त्या जुन्या नंबरानं उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा. मागायचं ते असं: टिपण, हिस्सा पडला असेल तर फाळणी (हिश्श्यांच्या मोजणीचं चित्र), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद), कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलांची नोंद), आणि त्या गटाची पूर्वी कधी मोजणी झाली असेल तर तिची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारा नकाशा. ज्या गावात एकत्रीकरण झालेलं नाही तिथे सातबाऱ्यावर अजून सर्व्हे नंबर आणि हिस्साच असतो. तिथे हा फेरा वाचतो. आणि जमीन नगर भूमापनात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नगर भूमापन नकाशा लागतो.

दुसरं काम माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचं आणि सगळ्यांत कमी केलं जाणारं: शेजाऱ्याच्या जमिनीचंही टिपण काढायचं. सामाईक बांध दोन्ही टिपणांत असतो, त्याची लांबी दोन्हीकडे जुळली पाहिजे. आमची जुळली. जुळली नसती तर वाद बांधाचा नसून अभिलेखाचा आहे, हे मोजणीची फी भरायच्या आधीच कळलं असतं. तसं झालं तर आधी अभिलेख दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर मोजणीदार येऊन 'अभिलेख जुळत नाही' असा शेरा लिहून जातो.

हे कागद घेऊन मी शेजाऱ्यांकडे गेलो. 'अण्णा, मोजणीचा अर्ज टाकतोय. हे तुमच्या बाजूचं टिपण, हे आमचं. तुमच्याकडे जुनी मोजणी असेल तर काढून ठेवा,' एवढंच बोललो. अर्ज टाकायच्या आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे. नोटीस पोस्टानं अचानक आली की समोरचा आधी वकिलाकडे जातो.

अर्ज भूमी अभिलेख विभागाच्या ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीवर होतो. मोजणीचा प्रकार 'हद्द कायम' निवडायचा; पोटहिस्सा, बिनशेती हे वेगळे प्रकार आहेत. सातबारा तीन महिन्यांच्या आतला लागतो. सातबाऱ्यावर अनेक नावं असतील तर पूर्ण गटाची हद्द कायम मागा. सहधारकांना नोटीस जाते. 'माझ्या वाट्याचे दहा गुंठे दाखवा' अशी मागणी केली तर ती पोटहिश्श्याची होते, तिला सगळ्यांची संमती लागते आणि अर्ज तिथेच अडकतो. मोजणी किती घाईची, यावर डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत २,००० आणि ८,००० रुपये, महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,००० रुपये असे दर ठरले. गाव महापालिकेत आलं असेल तर शहरी दर लागतो, हे लक्षात ठेवा. चलन भरल्यावर मोजणी रजिस्टर नंबर मिळतो. पुढची सगळी चौकशी त्याच नंबरावर होते.

लगतधारकांची, म्हणजे आजूबाजूच्या जमीनमालकांची, नावं आणि पत्ते भरताना घाई केली तर सगळं मुसळ केरात. चारही दिशांचे सातबारे काढा. आपल्या गावांमध्ये शेजारच्या गटात आता वीस-तीस प्लॉटधारक असतात, काही पुण्यात, काही मुंबईत. एखाद्याचं निधन झालेलं असतं आणि वारसनोंद झालेली नसते. नोटीस लागली नाही की त्या बाजूचा माणूस मोजणीच्या दिवशी येऊन हरकत घेतो आणि तारीख पुढे जाते. मी प्रत्येक पत्त्याबरोबर मोबाइल नंबर दिला आणि नोटीस पोचली का ते स्वतः विचारत राहिलो. ज्यांच्याशी बोलणंच बंद आहे त्यांच्यासाठी पोलीस बंदोबस्ताचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्याचा खर्च अर्जदाराचा.

तारीख कोणती मिळेल हे आपल्या हातात नसतं, पण पीक आपल्या हातात असतं. बांधाच्या दोन्ही अंगांना उभा ऊस असेल तर मोजणीदार आत शिरू शकत नाही. मुळशी-मावळच्या भातखाचरांत पावसाळ्यात तोच प्रश्न. आम्ही बांधावरची घाणेरी आणि बाभळीची झुडपं आठ दिवस आधी तोडली. त्या दिवशी लागतं ते असं: चुन्याची गोणी, वीस-पंचवीस लाकडी खुंट्या, घण, दोन मजूर, सगळ्या मूळ नकला आणि दोन जाणती माणसं, शक्यतो दोन्ही पक्षांना मान्य असलेली.

आता मोजणी रोव्हर या उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्रानं होते. राज्यात ७७ कॉर्स केंद्रं, म्हणजे एका जागी कायम चालू असलेली संदर्भ केंद्रं, आहेत; त्यांच्याकडून रोव्हरला दुरुस्तीचा संदेश मिळतो आणि जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक कळते. मात्र पडद्यावर 'फिक्स' दिसत असतानाच घेतलेला बिंदू खरा. दाट आंब्याखाली किंवा उंच इमारतीला लागून 'फ्लोट' दाखवतं, तेव्हाची चूक वीतभरापेक्षाही मोठी असू शकते. अशा जागी थोडं थांबून पुन्हा बिंदू घ्या म्हणून नम्रपणे सांगावं.

पण यंत्र कितीही अचूक असलं तरी ते फक्त आज जमिनीवर काय आहे, म्हणजे वहिवाट, तेवढंच टिपतं. अभिलेखातली आकृती त्यावर नंतर बसवली जाते, आणि ती कोणत्या पक्क्या खुणांवर बसवली यावर बांध कुठे येणार ते ठरतं. सगळा वाद इथे असतो आणि नेमकं याच वेळी लोक चहा पाजण्यात गुंतलेले असतात. खुणा म्हणून धरायला चांगल्या जागा म्हणजे तीन गटांचे बांध मिळतात तो कोपरा, गावशिवेचा दगड, वादात नसलेल्या दूरच्या गटांचे जुने बांध. वाईट जागा म्हणजे ओढ्याचा काठ, तारेचं कुंपण, आणि आपल्याकडे सर्रास धरली जाणारी रस्त्याची कड.

आमचा घोळ रस्त्याच्या कडेचाच होता. पश्चिमेचा गाडीरस्ता गेल्या काही वर्षांत डांबरी होऊन रुंद झाला. आम्ही आजच्या डांबराच्या कडेपासून पूर्वेकडे टेप टाकत होतो, आणि रुंदी कमी भरली की बांध कोरला असं समजत होतो. उत्तर-दक्षिणेच्या लगतच्या गटांचे जुने कोपरे धरून आकृती बसवल्यावर दिसलं की बरीचशी तूट रस्त्यात गेली आहे. पूर्वेच्या बांधावर उत्तर टोकाला काहीच फरक नव्हता. दक्षिण टोकाला ०.९ मीटर होता. त्रिकोण धरला तर २८.६ चौरस मीटर, साधारण ३०० चौरस फूट. आमची मागणी याच्या कितीतरी पट होती. विलीन गावांत रस्त्याला लागून जमीन असलेल्या प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी हे तपासावं. रस्त्यात गेलेल्या जागेचा प्रश्न महापालिकेशी सोडवायचा असतो, शेजाऱ्याशी नाही.

खुंट्या मारल्यावर पंचनामा आणि जबाब होतात. जबाब वाचूनच सही करा. हद्द मान्य नसेल तर सही नाकारून निघून जाण्यापेक्षा 'अमुक खूण धरलेली मान्य नाही, कारण अमुक' असं जबाबातच लिहा. पुढे तेच उपयोगी पडतं. 'क' प्रत हातात आल्यावर खालच्या टिपा आधी वाचा. अभिलेखाची हद्द कोणत्या रेषेनं आणि वहिवाटीची कोणत्या रेषेनं दाखवली आहे हे तिथे असतं. या दोन रेषा उलट समजून कुंपण घातलेली उदाहरणं आमच्याच शिवारात आहेत.

मोजणी मान्य नसली तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, ती वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. त्यानंतर जिल्हा पातळीवर सुपर निमताना. त्यासाठी पहिल्या मोजणीत कोणती खूण चुकली ते सांगता आलं पाहिजे. नुसतं 'आम्हाला कमी आलं' याला वजन नाही. आणि मोजणीनं हद्द कळते, ताबा मिळत नाही. समोरच्यानं जागा सोडली नाही तर पुढची वाट दिवाणी दाव्याची आहे. तिथे न्यायालय गरज वाटल्यास कोर्ट कमिशन मोजणी मागवतं. 'क' प्रत हातात आहे म्हणून रात्रीतून जेसीबी लावून बांध सरळ करणं हा फौजदारी भानगडीचा रस्ता आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४५ खाली हद्दीची खूण बिघडवणं दंडाला पात्र आहे, तेही ध्यानात ठेवावं.

ज्यांच्याकडे दोन्ही पक्ष किमान बारा वर्षं एकमेकांची शेतजमीन कसत आहेत, त्यांच्यासाठी २०२३ साली सुरू झालेली सलोखा योजना आहे. त्यात अदलाबदलीच्या दस्ताला १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी नाममात्र लागते. योजना मुदतीची आहे, म्हणून दस्त करण्याआधी मुदत चालू आहे का ते दुय्यम निबंधकांकडे विचारावं. आमच्यासारख्या एका बांधाच्या फरकाला ती लागू पडत नाही.

आम्ही दोघांनी 'क' प्रतीवरची रेषा मान्य केली आणि खुंट्या निघायच्या आत, चौथ्या दिवशी दगड पुरले. अडीच फुटी दगड, दीड फूट जमिनीत, दर १५ मीटरला एक आणि दोन्ही टोकांना एकेक, असे सहा. मधल्या अंतरात शेवटचा टप्पा साडेतीन मीटरचा पडला. प्रत्येक दगडाखाली कोळसा आणि विटेचे तुकडे टाकले, म्हणजे वरचा दगड कुणी हलवला किंवा नांगराला लागून निघाला तरी खालची खूण शाबूत राहते. प्रत्येक खड्डा बुजवायच्या आधी शेजारी उभे असताना फोटो काढले, मागे विजेचा खांब किंवा विहीर येईल असे. दोघांच्या सह्यांचा एक कागद केला, 'क' प्रतीची एक नक्कल त्यांना दिली, एक आमच्या सातबाऱ्याच्या फाइलला लावली.