चोराला फोटो पुरतो

"व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरून फिरून आमचा धंदा बसला, आणि तुम्ही वर फाइल मागताय?"

एका अंध मुलाला ऐकता यावं म्हणून मी एका प्रकाशकांकडे त्यांच्या पुस्तकाच्या मजकुराची संगणकावरची फाइल मागितली, तेव्हा त्यांनी मला फोनवर हे ऐकवलं. आवाज चढलेला नव्हता, नुसते वैतागलेले होते. मी त्यांची बरीच पुस्तकं लावून दिलीत, त्यामुळे भांडण वगैरे काही झालं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहून काढते.

आधी माझ्याबद्दल. मी डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पुस्तकांची पानं लावते. सुरुवात गिरगावातल्या एका प्रेसमध्ये, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर. आता दादरला घरूनच इनडिझाइनवर पानं लावते. माझं घर प्रकाशकांच्या पैशांवर चाललंय, तेव्हा पुढचं सगळं त्यांच्यावर राग धरून लिहिलंय असं समजू नका.

माझ्या मैत्रिणीचा भाचा लालबागला राहतो, एमपीएससी करतोय. त्याला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, तो मजकूर वाचून दाखवतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन तरुणांनी ते २००६ साली करायला घेतलं. दोघंही अंध, आणि बाजारात होते ते स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या खिशाला परवडण्यातले नव्हते. हा मुलगा ते इतक्या वेगात ऐकतो की मला नुसती किरकिर ऐकू येते. त्याला मात्र स्वल्पविरामसुद्धा कळतात.

एक दिवस तो लॅपटॉप घेऊनच आला. "काकू, हे ऐका. राज्यघटनेच्या नोट्स आहेत म्हणून क्लासने दिलंय." वेग कमी केला आणि बटण दाबलं. एनव्हीडीए बोलायला लागलं: एफ, ओ, उभी रेघ, के, एफ, के, एच, झेड.

मी म्हटलं, "कृतिदेव फॉन्ट आहे. 'विद्यार्थी' लिहिलंय."

तो उडालाच. पण यात माझी काही हुशारी नाही, आमच्या धंद्यात ज्यांची उमर गेली त्यांना हे जमतंच. जुन्या मराठी फॉन्टांचं सगळं गणित असं होतं: संगणकाला मराठी कळायचंच नाही. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. इंग्रजी एफच्या जागी पहिल्या वेलांटीचं चित्र बसवलेलं, ओच्या जागी 'व'चं, उभ्या रेघेच्या जागी 'द्य'चं. कागदावर छापून आलं की सुंदर मराठी. शिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, आणि रफार सगळ्यात शेवटी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाची मांडणी निराळी, पण जात एकच. सगळी करामत बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. ज्याला डोळे नाहीत त्याच्या हाती एफ, ओ, उभी रेघ.

युनिकोड या आताच्या पद्धतीत संगणकाच्या लेखीही 'व' म्हणजे 'व'च असतो, मग फॉन्ट कोणताही लावा. ती फाइल एनव्हीडीए बिनचूक वाचतं. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे, फुकट आहे, आणि हा मुलगा त्यातल्या नोंदी भराभर ऐकत सुटतो. म्हणजे अडचण मराठीची नाही, तंत्राचीही राहिलेली नाही.

मग अडचण कशाची? मला वाटलं कायद्याची असेल. त्याच्यासाठी एखादं पुस्तक स्कॅन करून युनिकोडमध्ये आणायचं तर उद्या घरी नोटीस नको, म्हणून मी कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. आणि चकित झाले. आपला कायदा या बाबतीत चक्क उदार आहे.

२०१२ साली कलम ५२ मध्ये एक नवं पोटकलम घातलं गेलं. त्यानुसार अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणतंही पुस्तक तिला चालेल अशा कोणत्याही स्वरूपात कुणालाही करून देता येतं. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. संस्था असेल तर नफा कमवायचा नाही, फक्त खर्च वसूल करायचा, आणि ती प्रत बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची. बस. हे सहज मिळालेलं नाही बरं का. २०१० साली संसदेत विधेयक आलं तेव्हा त्यात सूट होती ती ब्रेलसारख्या, खास अपंगांसाठीच असलेल्या स्वरूपांपुरती. आता ब्रेल न शिकलेले अंध कितीतरी, आणि लॅपटॉपवरची साधी टेक्स्ट फाइल काही 'खास' नसते. अपंगांच्या संघटना हटून बसल्या, तेव्हा कुठे 'कोणतंही स्वरूप' आलं. चेन्नईचे वकील राहुल चेरियन यांनी यासाठी खूप धावपळ केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोरोक्कोतल्या मराकेश शहरात अंधांच्या वाचनासाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो काही त्यांना बघायला मिळाला नाही.

त्या कराराचा प्रस्ताव २००९ साली जिनिव्हात मांडला तो ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे या तिघांनी. जागतिक अंध संघाने मसुदा करून दिला आणि या देशांनी तो उचलून धरला. अमेरिका-युरोप सुरुवातीला बंधनकारक करार नकोच म्हणत होते. आणि सही-शिक्का करून त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, जून २०१४ मध्ये. करार अमलात आला ३० सप्टेंबर २०१६ला. त्यामुळे परदेशात कुणी पुस्तक आधीच तयार केलेलं असेल तर ते आपल्याला मागवता येतं. इंग्रजी पुस्तकांसाठी हे वरदानच. पण मराठी पुस्तक स्पेनमध्ये कोण तयार करून ठेवणार? आपलं आपल्यालाच करायला हवं.

तर कायद्याने हक्क दिला. कसला? प्रत *करून घेण्याचा*. प्रकाशकाकडे फाइल *मागण्याचा* नाही. सगळं घोडं इथे पेंड खातं.

फाइल न मिळता पुस्तक करायचं म्हणजे काय, ते सांगते. राज्यव्यवस्थेचं एक जाडजूड पुस्तक मी या मुलासाठी केलं. शिवण सोडवून पानं मोकळी केली, स्कॅन केली, ओसीआरला टाकली, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला. मराठी ओसीआर पूर्वीच्या मानाने पुष्कळ सुधारलंय, पण 'ख'चा 'रव' अजून करतं. 'खरेदी'ची 'रवरेदी'. 'घ' आणि 'ध'ची अदलाबदल, 'भ' आणि 'म'ची अदलाबदल. 'धन' आणि 'घन' दोन्ही खरे शब्द, म्हणजे स्पेलचेकही गप्प. कुणी पेन्सिलीने ओळ अधोरेखित केली असली की त्या ओळीतले उकार गेलेच. तक्त्यांचे स्तंभ एकमेकांत मिसळतात, मग राज्यसभेच्या जागा विधानपरिषदेला जाऊन बसतात. आणि पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव! डोळ्यांना ते दिसतही नाही, आपण सरळ ओलांडून जातो. कानाला मात्र ऐन वाक्याच्या मध्यात "राष्ट्रपतींना असा अधिकार आहे की — मूलभूत हक्क, एकशे बारा — ते संसदेचे अधिवेशन". प्रत्येक पानावरून ते हाताने काढावं लागतं.

महिने गेले. आणि हे करत असताना मला पक्कं माहीत होतं की या पुस्तकाची स्वच्छ, प्रुफं वाचून झालेली फाइल कुठल्यातरी डीटीपीवाल्याच्या हार्ड डिस्कवर पडलेली आहे. कदाचित माझ्या ओळखीच्याच. युनिकोडमध्ये नसली तरी फॉन्ट बदलून द्यायला कन्व्हर्टर आहेत. वेलांट्या-रफार थोडे तपासले की दोन दिवसांचं काम. भरीस भर म्हणजे हेच पुस्तक दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात दुसरी एखादी बाई दुसऱ्या मुलासाठी पुन्हा पहिल्यापासून करत असणार. हे टाळायला २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, संस्थांनी केलेली पुस्तकं तिथे एकत्र ठेवतात. चांगली सोय आहे. पण तिथे तरी पुस्तक पोचायचं तर आधी कुणीतरी 'रवरेदी'ची 'खरेदी' केलेली असायला हवी.

आता प्रकाशकांचा प्रश्न. त्यांची भीती खोटी नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती असते किती, पाचशे, फार तर हजार. पुस्तक बाजारात आलं की आठवड्यात टेलिग्रामवर. माझ्या डोळ्यांदेखत एका लेखकाची दुसरी आवृत्ती याच्यामुळे रखडली. पण त्या फिरणाऱ्या पीडीएफ एकदा उघडून बघा. पानांचे फोटो असतात ते. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. चोराने कुणाकडे फाइल मागितलेली नाही. त्याला मोबाइल आणि एक दुपार पुरते, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला डोळे आहेत, त्याला फोटो चालतो. फोटो चालत नाही तो एकट्या अंध वाचकाला. म्हणजे फाइल कुलपात ठेवून चोर अडत नाही. अडतो तो हा लालबागचा मुलगा, जो विकत घ्यायला तयार होता आणि ज्याच्यासाठी मी पुस्तक रीतसर पावती घेऊन विकत घेतलंच होतं.

हे मी फोनवर बोलले. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे, पण एकाला दिली की सगळे मागतील." मागू देत की.

मुदतीबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराची अट ५०चीच आहे, आपलीही पूर्वी तेवढीच होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ संपताना त्यांचं लेखन मोकळं होणार होतं. ते होऊ नये म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली, आणि वाढवली ती सगळ्यांचीच. एका कवीपायी साऱ्या भारतीय भाषांतलं लेखन आणखी दहा वर्षं अडलं. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघंही १९६९ साली गेले. ५० वर्षांची मुदत असती तर त्यांचं हयातीत छापलेलं सगळं लेखन १ जानेवारी २०२० पासून कुणालाही छापता आलं असतं. आता २०३० उजाडावं लागेल. ही आपणच आपल्या पायावर मारलेली कुऱ्हाड आहे. साने गुरुजी २०११ला मोकळे झाले आणि बाबासाहेब २०१७ला. मराठी विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथालयावर लोक अशी मोकळी झालेली पुस्तकं युनिकोडमध्ये आणतायत, ती मुलगा ऐकतोही. पण एमपीएससीचा अभ्यासक्रम काही १९५० साली थांबलेला नाही.

सरकारी पुस्तकांचं तर मला कोडंच आहे. सरकारने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकावरही ६० वर्षं कॉपीराइट. २०२० साली आपल्या करातून छापलेलं पुस्तक १ जानेवारी २०८१ला मोकळं होणार. कशासाठी? कुणाची रॉयल्टी बुडणार होती? त्यातली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवलेली असतात, हे खरं. पण पुन्हा स्कॅन. पुन्हा फोटो. एनव्हीडीए अशा पानावर पोचलं की मुकं होतं.

माझी मागणी छोटी आहे आणि तिला आधार १९५४च्या एका कायद्याचा आहे. प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत त्याची एकेक प्रत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय आणि आपल्या फोर्टातल्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. एशियाटिकच्या पायऱ्या चढून जातो ना, तीच इमारत. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. १९५४च्या कायद्यात फाइल कुठून असणार? पण आता त्यात एक ओळ घालायला काय हरकत आहे: छापील प्रतीबरोबर युनिकोडमधली मजकुराची फाइलही द्यावी, ती कुलपात राहील, आणि अंधांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेने मागितली तरच मिळेल. प्रकाशकाला प्रत्येक मागणाऱ्याशी बोलायला नको आणि "एकाला दिली की सगळे" हाही प्रश्न उरत नाही. दंड मात्र ५० रुपयांच्या वर न्या, तेवढ्यात आता दोन माणसांचा चहा-वडापाव होतो.

ते होईल तेव्हा होईल. तोवर माझ्यासारख्या पानं लावणाऱ्यांना विनंती. पेजमेकरच्या जुन्या सीडी, झिप ड्राइव्ह, बंद पडलेले संगणक भंगारात देऊ नका. सीडीवर पुस्तकाचं आणि फॉन्टचं नाव लिहून ठेवा. फॉन्टचं नाव नसेल तर फाइल उघडूनही कळत नाही की हे नक्की काय आहे. प्रकाशकाची हरकत नसेल तर बदलून द्यायचं काम मी करते, पैसे नकोत. त्या फोनवरच्या प्रकाशकांनी शेवटी एक पुस्तक दिलं. फाइल शेवटच्या प्रुफाच्या आधीची निघाली, म्हणजे दुरुस्त्या छापील प्रतीवरून हातानेच घालाव्या लागतायत. निम्म्यापर्यंत आलेय. मुलगा रोज विचारतो, "काकू, पंचायतराज झालं का?" परीक्षेआधी होईल असं दिसतंय.